राणीचे ओठ

“हलू नको! समई घासतंय तेवा माका एवढो वेळ लागणा नाय,” आई म्हणाली आणि चिंचेचा बोळा तिनं पुन्हा माझ्या ओठांवर दाबला.

“समई बोंबलणा नाय, आये.”

“तिका तोंड नाय म्हणान.”

मी मागीलदारी धुण्याच्या दगडावर बनियनवर बसलो होतो आणि आई माझ्यापुढे ओणवी होऊन कामाला लागली होती. त्याआधी साबण होऊन गेला होता. मग नारळाचं सोडण झालं, ज्यानं आम्ही तवे घासतो. मग मीठ आणि लिंबू. ओठ एव्हाना सुजून दुप्पट झाले होते, पण रंग जागचा हलला नव्हता. घासल्यामुळे उलट त्याला तेज आलं होतं. चिंचेनं पितळ निघतं, तर हेही निघेल, अशा हिशेबानं आईनं शेवटी चिंच काढली होती.

“निघता काय?” मी विचारलं.

“कातडी निघता. रंग नाय.”

आज या गोष्टीला सतरा-अठरा वर्षं झाली. मी तेव्हा दिवसा कुडाळजवळच्या एका काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होतो आणि जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्री दशावतारी मंडळीत राणी. आमच्याकडे दशावतारात बायकांची कामं पुरुषच करत आले. रात्रभर नाटक चालतं, उजाडता दहीकाला होतो आणि मग ज्यानं त्यानं आपापलं तोंड पुसून घरचा रस्ता धरायचा. ओठांचा आमचा रंग म्हणजे खोबरेलात कालवलेली पिंजर, म्हणजे साधं कुंकू. लावायला सोपं, पुसायला त्याहून सोपं. पण घाम आला की ती उतरते. आदल्याच जत्रेत माझी राणी वनवासाला निघताना रडली आणि पिंजर हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळली. सगळं देऊळ गप्प झालेलं असताना पुढे बसलेलं एक पोर ओरडलं, “राणयेन कोंबडी खाल्ल्यान रे!” मग वनवास कसला आणि काय! लोक हसून हसून आडवे झाले.

आमच्यात राजाचं काम करणाऱ्या बाबल मेस्त्रीला माझी दया आली. त्यानं पणजीहून एक लिपस्टिक आणली. कांडी नव्हती, छोट्या बाटलीत पातळ रंग आणि झाकणाला ब्रश. “दुकानदार म्हणालो, चोवीस तास हलाचो नाय. जेव, रड, काय व्हया ता कर,” बाबल म्हणाला. नाटकवाल्याला चोवीस तास कशाला हवेत, हे त्यानंही विचारलं नव्हतं आणि मीही नाही. आम्हाला रात्र निघाल्याशी मतलब. रात्र झकास निघाली. राणी रडली, कोणी हसलं नाही.

पंचाईत ही होती की ती रात्र उजाडली त्याच दिवशी माझं घर बघायला मुलीकडचे येणार होते.

त्यांची वेळ संध्याकाळची ठरली होती, म्हणून मी निवांत होतो. पण सकाळीच मुलीच्या वडिलांचा, पालवांचा फोन आला. त्यांना कणकवलीहून कुणाची तरी गाडी मिळाली होती, तासाभरात पोचतो म्हणाले. आईनं फोन ठेवला तो थेट साबण घेऊनच बाहेर आली.

याआधी माझी दोन स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा सगळं जुळत आलं आणि मग कुठून तरी कळलं की पोरगा नाटकात लुगडं नेसतो. पहिल्यांनी पत्रिकेचं निमित्त काढलं. दुसऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आमच्या मुलीला नवरा हवा, मैत्रीण नको, असं मध्यस्थाकडून कळवलं. “माझो झील काय वायट आसा?” म्हणत आई त्या रात्री जेवली नाही. या तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं की नाटकाचा विषय तोंडातून काढायचा नाही आणि लग्न झालं की नाटक बंद. मी हो म्हणालो होतो. वडील गेल्यापासून तिला मी फार गोष्टींना नाही म्हटलेलं नाही.

पुढच्या दारी गाडी थांबल्याचा आवाज आला. आईनं चिंच टाकली, पदरानं माझं तोंड पुसलं, एकदा नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“रुमाल धर तोंडार. दाढ दुखता म्हण.”

मी सदरा चढवून ओटीवर आलो तेव्हा तिघं बसली होती. श्रीधर पालव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. समोरचा माणूस वेळेवर सुटतोय की नाही, अशा नजरेनं बघायचे. त्यांची बहीण शालनआत्या, जिच्या पर्सशेजारी एक फुगलेली कापडी पिशवी होती. आणि हर्षदा, जी खरं तर यायची नव्हती. घर बघायला मुलीनं येण्याची आमच्याकडे रीत नाही, पण स्वतः बघितल्याशिवाय होकार देणार नाही, असा तिनं हट्ट धरला होता म्हणे. ती कणकवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग रुमालाकडे पाहिलं आणि तिथंच थांबली.

“दाढ दुखता,” मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली. “राती डोळ्याक डोळो नाय.”

एवढं तरी खरं होतं.

“अरेरे,” पालव म्हणाले. पाहुण्याच्या घरी गेलं की आम्ही सगळेच शुद्ध बोलायला लागतो, तसे तेही बोलत होते. “हाताखाली किती माणसं आहेत तुमच्या?”

मी बोटं दाखवली.

“काही व्यसन वगैरे?”

मी मान इतक्या जोरात हलवली की खरोखरच दाढ दुखावी. शालनआत्यानं तेवढ्यात पिशवीत हात घालून लवंग शोधून काढली होती. “आ कर,” ती म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या घोड्याला! मी मागे सरकलो, तशी ती पुढे सरकली. “लाजतस कित्या? मी माझ्या भावाच्या दाढा काढलेल्या बघितलंय.” आईनं घाईनं चहा पुढे केला, म्हणून मी त्या लवंगेतून सुटलो. पण चहा रुमालातून पिता येत नाही. पालव माझ्या कपाकडे बघत होते. मी रुमाल खाली घेतला.

शालनआत्या हातात लवंग तशीच धरून वाकून बघू लागली.

“ह्या काय?” शालनआत्या म्हणाली.

“उष्णता,” आई म्हणाली.

“उष्णतेन तोंड येता गो. असो रंग येणा नाय.”

पालवांनी कप खाली ठेवला. “गुटखा?” त्यांनी मला विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. मी नाही म्हणालो. “आमच्या स्टँडवर एक ड्रायव्हर होता,” ते म्हणाले. “त्याचंही असंच ओठांपासून सुरू झालं होतं.” तो ड्रायव्हर आता नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला सगळ्यांना समजलं. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, “बरंय तर. आम्ही कळवतो.”

स्थळं बघितलेल्या कुठल्याही घराला ‘कळवतो’चा अर्थ सांगावा लागत नाही. आईच्या हातातली बशी तिच्या हातातच राहिली. तिसरं स्थळही गेलं होतं, आणि या वेळी तर खोट्याच कारणानं गेलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

“बाबा, मी मागचं आवार बघून येते,” हर्षदा एकदम म्हणाली. “घर बघायलाच आलोय ना? हे दाखवतील.”

पालवांना ते आवडलं नाही, पण नाही कसं म्हणायचं, हेही त्यांना सुचलं नाही. मी रुमालासकट उठलो.

मागीलदारी धुण्याच्या दगडावर आमची सकाळची सगळी कर्तबगारी मांडून ठेवलेली होती: पिळलेलं लिंबू, मीठ, सोडण, चिंचेचा चोथा. हर्षदानं एकेक वस्तू नीट पाहिली.

“दाढेला एवढं सगळं लावता?”

मी रुमाल आणखी घट्ट धरला.

“रुमाल काढा,” ती म्हणाली. मी काढला. ती जवळ आली, बघितलं आणि मग अगदी सरळ विचारलं, “ती कोण?”

“कोण?”

“जिची ही लिपस्टिक आहे. मी भांडायला आले नाही. बाबा कळवतो म्हणाले, म्हणजे विषय संपला. पण त्यांना हे गुटख्याचं वाटतंय आणि मला तसं वाटत नाही. तुमचं कुणाशी असेल तर तिच्याशी लग्न करा ना. आम्हाला इतक्या लांबून चहाला कशाला बोलावलं?”

ती चिडली होती आणि तिचं बरोबरच होतं. मला मात्र हसू फुटलं. ते आवरायला गेलो तर खालचा ओठ तडकला आणि रक्त आलं.

“ती मीच,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“दशावतारात. रात्री जत्रेला नाटक होतं. मी राणी असतो. ही निघतच नाहीये. सकाळपासून घासतोय.” एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “आई म्हणाली सांगू नको. आधीची दोन स्थळं यावरूनच मोडली. म्हणून दाढ. दाढ चांगली आहे माझी.”

ती हसेल, असं मी धरून चाललो होतो. लोक आधी हसतात, मग सावरून घेतात, मग घरी जाऊन पुन्हा हसतात. ती हसली नाही. मान जराशी तिरकी करून तिनं माझे ओठ मुलांच्या वहीतलं चित्र तपासावं तसे तपासले.

“तरीच,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या तोंडावरून लागलेला रंग असा रेषेत बसत नाही. तेच मला कळत नव्हतं. ही वरची कमान तुम्ही स्वतः काढता?”

“हो.”

“आरशात बघून?”

“टेम्पोच्या आरशात. दुसरा नसतो.”

“हात चांगला आहे तुमचा.”

मला काय वाटलं ते सांगतो. मला आमच्या टाळ्या माहीत होत्या, शिट्ट्या माहीत होत्या, बक्षिसाच्या नोटा आणि मागून येणारे घाणेरडे आवाजही माहीत होते. पण ती कमान कुणीतरी काढतं आणि ती नीट काढावी लागते, हे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते चिंचेवर खपून गेले.

“आणि काढता मात्र असं?” तिनं सोडण उचलून दाखवलं. “ओठ तुमचेच आहेत ना? कुणा वैऱ्याचे असल्यासारखे काय घासताय! खोबरेल आणा, जरासं कोमट करून. आणि कापूस.”

स्वयंपाकघराच्या दाराशी आई उभीच होती. “काय सांगलंस तिका?” तिनं दबक्या आवाजात विचारलं.

“सगळा.”

“मेलंय मी,” आई म्हणाली, पण तेल तापत ठेवलं आणि देवाच्या वातींचा कापूस काढून दिला.

हर्षदानं मला पुन्हा दगडावर बसवलं. कापसाचा बोळा तेलात बुडवून तिनं तो माझ्या ओठांवर नुसता ठेवला. दाबला नाही, घासला नाही.

“आता बोलायचं नाही. असाच राहू द्यायचा. तेल आपलं काम करतं, आपण मध्ये पडायचं नाही. मावसबहिणीच्या लग्नात मी पण असलीच लावली होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं म्हणून टॉवेलनं खरवडली. वर्गात मुलं विचारतात, बाई, पडलात काय?”

मला हसायची बंदी होती. मी डोळे मिटून घेतले.

“तुम्हाला वाटत असेल, ही आगाऊ मुलगी घर बघायला कशी आली,” तिचा आवाज आता हलका झाला होता. “माझ्या ताईच्या वेळी आम्हाला मोठं घर दाखवलं, चिऱ्याचं, पुढे अंगण. लग्न झाल्यावर कळलं की ते मुलाच्या चुलत्याचं. यांचं मागे, दोन खोल्यांचं. दोन खोल्यांचं काही नाही हो, ताई राहिली असती आनंदानं. पण अजून ती नवऱ्यानं काही सांगितलं की आधी खरं का ते बघते. भाजी संपली म्हणाला तरी डबा उघडून बघते. तेव्हा मी ठरवलं, आपण स्वतः जायचं. हे घर तुमचंच ना?”

मी डोळे मिटूनच मान हलवली.

मग तिनं बोळा उचलला. दुसरा घेतला आणि ओठांच्या कडेपासून आत, मधल्या बाजूला, हळूच टिपत आणला. “ओढायचं नाही, उचलून घ्यायचं,” ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. रंगाचे बारीक पापुद्रे सुटत होते. जिथं तडकलं होतं तिथं ती थांबायची, तेल लावून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला वळायची. घाई नाही. ओटीवरून पालवांचं खाकरणं दोनदा ऐकू आलं, तिनं लक्ष दिलं नाही. माझ्या तोंडाला रोज रात्री किती हात लागायचे! पांढरा रंग फासायला बाबल, भुवया ओढायला आणखी कुणी, आणि पहाटे ते सगळं ओरबाडून काढायला मी स्वतः. असं सावकाश कुणी हात लावलेला मला आठवत नव्हता.

“नाटक सोडणार, लग्नानंतर?” तिनं विचारलं. माझे ओठ तेव्हा मोकळे होते.

आई दारातच होती. वचन मी तिला दिलेलं होतं, ते तिच्यादेखत मोडायचं होतं. पण आत्ताच या मुलीनं मला तिच्या ताईची गोष्ट सांगितली होती.

“नाय,” मी म्हणालो. शुद्ध बोलायचं राहूनच गेलं. “आता तुमी पुसलास तरी येत्या शनवारी परत लावतलंय.”

तिचा हात थांबला. मला वाटलं, संपलं. मग तो पुन्हा चालू झाला, पहिल्याइतकाच सावकाश.

“मगे रंगाच्या आदी वायच तेल लावन घेवा,” तीही मालवणीत म्हणाली. “नाटकापुरतो ऱ्हवतलो, पण असो चिकटाचो नाय.”

शेवटी तिनं कोमट पाण्याच्या फडक्यानं तोंड टिपलं, आईकडून बोटभर तूप घेतलं आणि ते मात्र माझ्या बोटावर ठेवलं. “एवढं तुम्हीच लावा,” म्हणाली आणि लाजली. मघापासून काय चाललं होतं, ते बहुतेक तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

आम्ही ओटीवर आलो. पालवांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

“अरे, आता बरं दिसतंय की!”

“तेलान गेला म्हणजे उष्णताच ती,” शालनआत्यानं निकाल दिला.

“तर! मी काय सांगत होतंय?” आई लगेच म्हणाली.

“मी उगाच घाबरलो हो,” पालव म्हणाले. ते चांगले माणूस होते, त्यांना खरंच ओशाळल्यासारखं झालं होतं. “पोरीचं आयुष्य म्हटलं की असं होतं. मग काय, पुढचं बोलून घेऊ या का?”

सगळं जमलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. आई माझ्याकडे बघत होती. इतकं गयावया करून तिनं माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. हर्षदा खाली जमिनीकडे बघत होती. ती सांगणार नाही, हे मला कळलं. ते माझं काम होतं आणि ते तिनं माझ्याकडेच ठेवलं होतं.

“काका, उष्णता नव्हती,” मी म्हणालो. “लिपस्टिक होती. मी दशावतारात बायकांची कामं करतो. राणीची. रात्री नाटक होतं. दाढ दुखत नाही माझी. आणि नाटक मी सोडणार नाही.”

आई भिंतीला टेकली. पालवांची शुद्ध भाषाच गेली.

“बायलेचा काम? लुगडा नेसान?”

“होय.”

“लोक हसणत नाय?”

“हसतत. मगे रडतत.”

“आणि आमका ह्या सांगूचा नाय, असा ठरवलेलास?” त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला. तिच्या बाजूनं मी काही बोलणार, तेवढ्यात ते हर्षदाकडे वळले. “तुका माहीत होता?”

“होय.”

“कधी कळला?”

“आता. मागीलदारी. तो रंग मीच पुसलंय.”

“तू?” पालवांचा आवाज बारीक झाला. “ह्याच्या ओठावरचो?”

“मगे कोण पुसतलो? ते चिंचेन घासत होते.”

परक्या घरी, परक्या पुरुषाच्या ओठांना, भर सकाळी, बाप पलीकडे चहा पीत असताना! पालवांच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं, ते आजही मला डोळ्यांपुढे दिसतं. शेवटी शालनआत्यानं हातातली लवंग स्वतःच्या तोंडात टाकली.

“दादा,” ती म्हणाली, “आता कळवतंय म्हणान कोणाक कळवतलस?”

पालव उठले. माझ्यासमोर आले, माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि उजेडाकडे वळवून कडेपासून कडेपर्यंत बघितलं.

“रंगाचो कण ठेवूक नाय माझ्या चेडवान,” ते म्हणाले, आणि ते माझ्याशी होतं, तिच्याशी, की स्वतःशीच, मला कळलं नाही. मग ते आईकडे वळले. “शनवारी नाटक खय आसा?”

आईनं पदर खाली घेतला. तिनं गावाचं नाव सांगितलं, देवळाचं सांगितलं, लवकर येवा म्हणजे पुढे जागा मिळतली, असंही सांगितलं. आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“राणी माझो झील.”